विश्लेषण : फर्दापूरच्या तळावर विश्वास कसा उभा राहिला? अजिंठ्याची चित्रे उतरवणाऱ्या लेडी हेरिंगहॅम कोण होत्या?

काम दहा जणांनी करायचे आणि अहवालावर नाव एकाचेच, ही कार्यालयांमधली तक्रार जुनीच आहे. वरिष्ठांवरचा विश्वास बहुतेक वेळा पगारावरून उडत नाही, तो श्रेयावरून उडतो. अजिंठ्याच्या पायथ्याशी, फर्दापूर येथे सुमारे ११५ वर्षांपूर्वी एक तळ पडला होता. त्यात लंडनच्या चित्रकार होत्या, कोलकात्याचे तरुण विद्यार्थी होते आणि हैदराबाद संस्थानचे कलावंतही होते. लेण्यांमधली चित्रे पुसट होण्याआधी कागदावर उतरवून घेणे हे त्यांचे काम होते. या तळाच्या प्रमुख क्रिस्टियाना हेरिंगहॅम, म्हणजेच लेडी हेरिंगहॅम. परक्या मुलखात, वेगवेगळ्या धर्मांच्या आणि भाषांच्या माणसांना त्यांनी एका कामाला कसे जोडले, त्यात काय साधले आणि काय राहून गेले, याचा हा आढावा.

लेडी हेरिंगहॅम कोण होत्या?

क्रिस्टियाना यांचा जन्म १८५२ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. वडील थॉमस वाइल्ड पॉवेल हे शेअर बाजारातले श्रीमंत दलाल आणि कलेचे आश्रयदाते होते. १८८० मध्ये त्यांचा विवाह डॉ. विल्मट हेरिंगहॅम यांच्याशी झाला. त्यांना दोन मुलगे झाले, त्यांपैकी एकाचा मृत्यू अल्पवयात झाला.

क्रिस्टियाना यांचे पहिले मोठे काम म्हणजे इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी याच्या चित्रतंत्रावरील जुन्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद. तो १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अंड्याच्या बलकात रंग कालवून चित्र काढण्याच्या या पद्धतीला टेम्पेरा म्हणतात. ग्रंथातल्या कृती त्यांनी स्वतः करून पाहिल्या आणि आपल्या अनुभवाच्या टिपा अनुवादाला जोडल्या. टेम्पेरा चित्रकारांची संस्था १९०१ मध्ये स्थापन झाली, त्यातही त्यांचा पुढाकार होता.

मौल्यवान चित्रे देशाबाहेर विकली जाऊ नयेत म्हणून १९०३ मध्ये ब्रिटनमध्ये राष्ट्रीय कलासंग्रह निधी उभा राहिला. त्यासाठी सुरुवातीचे पैसे देणाऱ्यांत त्या होत्या. या संस्थेच्या इतिहासात मात्र बराच काळ पुरुष सहकाऱ्यांचीच नावे पुढे राहिली. क्रिस्टियाना यांच्या वाट्याची दखल पुढच्या काळातल्या चरित्रकारांनी घेतली. महिलांच्या मताधिकाराच्या चळवळीतही त्या होत्या आणि मोर्चांसाठीच्या निशाणांवर त्यांनी भरतकाम केले होते.

थोडक्यात, अजिंठ्याला येण्याआधीच त्यांच्याकडे तीन गोष्टी होत्या. जुन्या चित्रतंत्राचे प्रत्यक्ष ज्ञान होते, स्वतःचा पैसा होता आणि काम करूनही नाव मागे राहते म्हणजे काय, याचा अनुभव होता.

अजिंठ्याकडे त्या का वळल्या?

त्या १९०६-०७ च्या हिवाळ्यात भारतात आल्या आणि अजिंठ्याची चित्रे त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. त्यांना फ्रेस्को म्हणण्याची पद्धत रूढ आहे. मात्र ती कोरड्या गिलाव्यावर काढलेली असल्याने अभ्यासक त्यांना टेम्पेरा पद्धतीची चित्रे मानतात. टेम्पेराचे तंत्र हाताळलेल्या चित्रकार स्त्रीला या भिंतींनी खिळवून ठेवावे, यात नवल नाही. गिलावा निखळत होता आणि रंग उडत होते.

दुसरे कारण त्या काळच्या वादात होते. भारतात कारागिरी आहे, पण उच्च दर्जाची चित्रकला आणि शिल्पकला नाही, असे मानणारा मोठा वर्ग ब्रिटनमध्ये होता. जानेवारी १९१० मध्ये लंडनमधील एका सभेत सर जॉर्ज बर्डवुड यांनी बुद्धाच्या मूर्तीची तुलना उकडलेल्या पुडिंगशी केली आणि त्यावरून खळबळ माजली. त्याच वर्षी लंडनमध्ये इंडिया सोसायटी स्थापन झाली. विल्यम रोथेनस्टाइन, ई. बी. हॅवेल आणि आनंद कुमारस्वामी यांच्यासोबत क्रिस्टियानाही तिच्या सुरुवातीच्या सदस्यांत होत्या. या वादात अजिंठ्याच्या चांगल्या प्रतिकृती हा सर्वांत ठोस पुरावा ठरणार होता.

आधीच्या प्रतिकृतींचे काय झाले होते?

अजिंठ्याची चित्रे उतरवण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये हे काम मेजर रॉबर्ट गिल यांच्याकडे सोपवले. त्यांनी त्यावर जवळजवळ दोन दशके घालवली. त्यांची बहुतेक चित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेली असताना १८६६ च्या आगीत जळाली.

त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत काम केले. सुमारे ३०० प्रतिकृती तयार झाल्या. त्यांपैकी शंभराहून अधिक लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयात १८८५ मध्ये लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. दोन पिढ्यांचे कष्ट असे दोनदा वाया गेले होते. तिसऱ्यांदा तेच काम हाती घ्यायला चिकाटी लागणार होती आणि सोबतच्या माणसांनाही त्या कामावर भरवसा वाटायला हवा होता.

मुक्काम फर्दापूरलाच का?

फर्दापूर हे आता सोयगाव तालुक्यातले गाव आहे. आजही पर्यटकांची वाहने लेण्यांआधी फर्दापूर फाट्यावर थांबतात आणि तिथून पुढे बसने जावे लागते. १९०९ मध्ये हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर शेजारचा जळगाव भाग ब्रिटिश खानदेशात. सोयीचे रेल्वे स्थानक जळगावचे. तिथून पुढे बैलगाडी किंवा टांगा हेच साधन.

लेण्यांजवळ वाघूर नदीच्या घळीत राहण्याची सोय नव्हती. त्यामुळे डिसेंबर १९०९ मध्ये फर्दापूरला तंबू पडले. रोज पाच-सहा किलोमीटर जायचे, अंधुक लेण्यांत दिवसभर काम करायचे आणि परत तळावर यायचे, असा क्रम होता. सगळीकडे सारखा उजेड नाही, छतावरची चित्रे मान वर करून पाहायची आणि वटवाघळांचा वास नाकात बसलेला. उन्हाळा आणि पावसाळ्यात हे काम अवघड, म्हणून ते हिवाळ्यात करायचे ठरले. १९०९-१० आणि १९१०-११ अशा दोन हिवाळ्यांत ते झाले.

तळावर कोण कोण होते?

कोलकात्याहून अवनींद्रनाथ ठाकूर यांचे शिष्य आले. नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्ता आणि मूळचे म्हैसूरचे के. वेंकटप्पा ही ती नावे. या तरुणांनी अजिंठ्याला जावे यासाठी भगिनी निवेदिता यांनी आग्रह धरला होता. भारतीय चित्रकारांनी आपला वारसा स्वतःच्या हाताने अभ्यासला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. निजाम सरकारने या कामाला मदत केली आणि हैदराबादहून सय्यद अहमद व मुहम्मद फजलुद्दीन हे दोन कलावंत आले. इंग्लंडहून डोरोथी लार्चर आल्या.

म्हणजे एका तळावर बंगाली, कन्नड, उर्दू आणि इंग्रजी बोलणारी, हिंदू, मुस्लीम आणि ख्रिस्ती माणसे होती. राज्यकर्त्या देशातली एक स्त्री प्रमुख आणि पारतंत्र्यातले तरुण तिचे सहकारी. बंगालच्या फाळणीविरोधातले स्वदेशी आंदोलन अजून ताजे असताना कोलकात्याचे विद्यार्थी एका इंग्रज बाईंच्या हाताखाली काम करायला तयार होणे ही साधी गोष्ट नव्हती.

त्यांच्या नेतृत्वातला प्रामाणिकपणा कुठे दिसतो?

पहिली गोष्ट पैशांची. क्रिस्टियाना नोकरीसाठी किंवा चित्रविक्रीच्या नफ्यासाठी आल्या नव्हत्या. त्यांनी या कामात स्वतःचा पैसा घातला. प्रमुखाचा स्वार्थ कशात आहे, हे हाताखालच्या माणसांना लवकर कळते. इथे तो चित्रे वाचवण्यात होता आणि ते सगळ्यांना दिसत होते.

दुसरी गोष्ट कष्टांची. डिसेंबर १९०९ मध्ये त्या ५७ वर्षांच्या होत्या. तळावर बसून फक्त आज्ञा देणे त्यांना शक्य होते. त्यांनी मात्र लेण्यांत जाऊन स्वतः चित्रे उतरवली. ज्या भिंतीसमोर नंदलाल उभे राहत, त्याच अंधुक उजेडात प्रमुखही काम करत होत्या. काम किती अवघड आहे आणि त्याला किती वेळ लागतो, हे त्यांना ऐकून कळण्याची गरज नव्हती. ज्या वरिष्ठाला कामाची खरी किंमत माहीत असते, त्याची अपेक्षाही न्याय्य राहण्याची शक्यता जास्त.

तिसरी गोष्ट निवडीची. हैदराबादचे कलावंत संस्थानाचे आणि कोलकात्याचे तरुण नव्या बंगाली शैलीचे, पण भिंत उतरवण्याचे मूळ काम दोघांकडेही होते. भारतीयांना केवळ रंग कालवायला ठेवून मुख्य चित्रे इंग्रजांनी काढायची, असा हा तळ नव्हता.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट नावांची. इंडिया सोसायटीने १९१५ मध्ये अजिंठ्याच्या या प्रतिकृतींचे भव्य पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात रंगीत आणि एकरंगी चित्रे आहेत, रोथेनस्टाइन आणि लॉरेन्स बिन्यन यांच्यासारख्यांचे लेख आहेत आणि भारतीय सहकाऱ्यांची नावेही नोंदवलेली आहेत. तेव्हा नंदलाल किंवा वेंकटप्पा हे जगाला माहीत नव्हते. त्यांची नावे वगळली असती, तरी कोणी जाब विचारला नसता. नाव देण्याची सक्ती नसताना ते देणे, यातच न्यायबुद्धीची परीक्षा असते.

उणे काय राहिले?

ही बाजूही सांगायला हवी. त्याच पुस्तकाच्या शीर्षक पानावर या प्रतिकृती लेडी हेरिंगहॅम आणि त्यांच्या सहायकांनी केल्याचे म्हटले आहे. नावे आत आहेत, दर्शनी पानावर फक्त सहायक हा शब्द आहे. त्या काळच्या मानाने हे पाऊल पुढचे होते, पण बरोबरी पूर्ण झाली नव्हती.

दुसरा आक्षेप कामाच्या पद्धतीवर आहे. भिंतीवर जे उरले आहे तेवढेच दाखवण्याऐवजी या प्रतिकृतींत निखळलेले भाग भरून मूळ चित्र कसे असेल ते दाखवण्याचा प्रयत्न झाला. सर्वसाधारण वाचकाला त्यामुळे चित्र समजणे सोपे गेले. नोंद म्हणून पाहणाऱ्या अभ्यासकाला मात्र भिंत कुठे संपते आणि नकलाकाराचा अंदाज कुठे सुरू होतो, हे नीट कळत नाही.

तिसरी उणीव तर अशा जवळजवळ सगळ्याच मोहिमांची आहे. तंबू ठोकणारे, पाणी भरणारे, सामानाची ने-आण करणारे, चूल सांभाळणारे हात असल्याशिवाय रानातला तळ दोन हिवाळे टिकत नाही. त्यांची नावे कोणत्याही चित्राखाली नाहीत.

तळ उठल्यानंतर त्यांचे काय झाले?

तयार झालेल्या प्रतिकृती १९११ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील साम्राज्य महोत्सवात मांडल्या गेल्या. गिल यांची चित्रे जिथे जळाली होती, तिथेच अजिंठा पुन्हा लोकांसमोर आला. त्याआधी जून १९१० मध्ये बर्लिंग्टन मॅगझिन या कलाविषयक नियतकालिकात क्रिस्टियाना यांचा अजिंठ्यावरील लेख आला होता.

मात्र हे यश पाहण्याची संधी त्यांना फार मिळाली नाही. भारतातून परतल्यावर १९११ मध्ये त्यांचे मानसिक स्वास्थ्य बिघडले. कोणीतरी आपल्या पाठलागावर आहे, अशी भीती त्यांना सतावू लागली. त्यानंतरचे त्यांचे आयुष्य उपचारगृहांत गेले. पतीला १९१४ मध्ये सर हा किताब मिळाला आणि त्या लेडी हेरिंगहॅम झाल्या, तेव्हा त्या आजारीच होत्या. ज्या नावाने जग त्यांना ओळखते, त्या नावाने त्या फर्दापूरला कधीच वावरल्या नव्हत्या. त्याच वर्षी त्यांचा दुसरा मुलगा पहिल्या महायुद्धात मारला गेला. पुढच्या वर्षी अजिंठ्याचे पुस्तक निघाले. १९२९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा चित्रसंग्रह न्यूनम आणि बेडफर्ड या महिलांच्या महाविद्यालयांकडे गेला.

सहकाऱ्यांचे पुढे काय झाले?

नेतृत्व कसे होते, हे पाहण्याची एक कसोटी म्हणजे प्रमुख बाजूला झाल्यावर माणसे ते काम पुढे नेतात की सोडून देतात. फर्दापूरच्या तळाबाबत उत्तर स्पष्ट आहे.

असितकुमार हलदार यांनी अजिंठ्यावर बंगालीत पुस्तक लिहिले आणि पुढे ते लखनऊच्या कला विद्यालयाचे प्राचार्य झाले. समरेंद्रनाथ गुप्ता लाहोरच्या मेयो कला विद्यालयात गेले. वेंकटप्पा म्हैसूरच्या कलापरंपरेतले मोठे नाव ठरले आणि बंगळूरुमध्ये त्यांच्या नावाचे कलादालन आहे. डोरोथी लार्चर यांनी पुढे इंग्लंडमध्ये हातछपाईच्या कापडात नाव कमावले.

सय्यद अहमद यांनी तर अजिंठाच आपलासा केला. हैदराबाद संस्थानात १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते सुरू झाले आणि गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. सय्यद अहमद अजिंठ्याच्या लेण्यांचे अभिरक्षक झाले. त्यांनी केलेल्या प्रतिकृती हैदराबादच्या संग्रहालयात आहेत. इंग्रज प्रमुखाच्या तळावर कधीकाळी सहायक असलेला माणूस लेण्यांचा राखणदार झाला.

नंदलाल बोस यांच्यावर अजिंठ्याचा ठसा जन्मभर राहिला. १९२१ मध्ये ते ग्वाल्हेर संस्थानातील बाघ लेण्यांची चित्रे उतरवायला गेले, तेव्हा असितकुमारही सोबत होते. शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १९३८ च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनाची चित्रे केली. भारताच्या राज्यघटनेची मूळ हस्तलिखित प्रतही त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी सजवली. उद्देशिकेच्या पानाची सजावट शिष्य ब्योहार राममनोहर सिन्हा यांची आहे आणि त्यांचे नाव त्या पानाशी जोडलेले आहे. गुरूचे नाव कितीही मोठे असले, तरी पान कोणाचे हे इथे सांगता येते.

आजच्या कामाच्या जागी याचा अर्थ काय?

फर्दापूरचा तळ आदर्श होता, असे म्हणण्याचे कारण नाही. प्रमुख राज्यकर्त्यांच्या देशातल्या होत्या, सत्ता त्यांच्याकडे होती आणि शीर्षक पानही त्यांचेच होते. तरीही विश्वास कशाने तयार होतो, हे त्यातून दिसते. प्रमुखाने आपला हेतू लपवू नये. जे कष्ट दुसऱ्याला सांगायचे, त्यातला वाटा स्वतः उचलावा. माणूस त्याच्या कामावरून निवडावा. काम संपल्यावर कोणी काय केले, हे लिहून ठेवावे.

यातली शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे आणि तीच सर्वांत जास्त टाळली जाते. सादरीकरणाच्या पहिल्या पानावर टीमची नावे टाकायला पैसे लागत नाहीत. वरिष्ठांच्या बैठकीत ही कल्पना अमुक व्यक्तीची आहे, एवढे सांगायला अर्धा मिनिट पुरतो. ते झाले नाही, तर पुढच्या वेळी तीच व्यक्ती आपली चांगली कल्पना स्वतःजवळ ठेवते आणि नुकसान संस्थेचे होते.

अजिंठ्याच्या मूळ चित्रकारांपैकी जवळजवळ कोणाचेही नाव आज माहीत नाही. क्रमांक १७ च्या लेण्यासमोर उभे राहिलेल्या पर्यटकाला ती भिंत कोणाच्या हातची हे सांगता येत नाही. मात्र त्या भिंतीसमोर १९१० च्या सुमारास बसून ती कागदावर उतरवणारे नंदलाल, असितकुमार, वेंकटप्पा, समरेंद्रनाथ, सय्यद अहमद आणि फजलुद्दीन होते, हे सांगता येते. तळाच्या प्रमुखांनी आणि त्यांच्या संस्थेने ती नावे जपली, म्हणून.